एक थर, किती थर

वाळूचा ट्रक साइटवर येऊन उभा राहिला की पहिला वाद मापावरून होतो. ट्रकवाला म्हणतो अडीच ब्रास, मुकादम म्हणतो दोनच्या वर एक घमेलं नाही. मग टेप निघते. एक पोऱ्या हौदात चढतो. लांबी १२ फूट, रुंदी ७ फूट. इथवर दोघांचं जमतं. खरा प्रश्न खोलीचा, कारण वाळू मध्ये फुगलेली असते आणि कडेला बसलेली. मुकादम सळई घेतो, चार ठिकाणी वाळूत खुपसतो, तळाला टेकली की बोटाने खूण धरतो आणि मोजतो: अडीच, दोन, तीन, अडीच. बेरीज १०, भागिले ४, म्हणजे सरासरी अडीच फूट. १२ गुणिले ७ झाले ८४, त्याला अडीचने गुणलं की २१०. शंभर घनफुटांचा एक ब्रास, तेव्हा माल भरला दोन ब्रास आणि वर दहा घनफूट. दोघेही थोडे थोडे चुकले होते. पावती २.१ ब्रासची बनते.

मुकादमाने जे केलं ते शाळेत 'घनफळ' म्हणून शिकवतात. नववीच्या पुस्तकात ते अगदी शेवटच्या प्रकरणात येतं, दहावीतही 'महत्त्वमापन' या नावाने शेवटीच. वर्ष संपत आलेलं असतं, परीक्षा तोंडावर असते, त्यामुळे मुलांच्या हाती पडतो तो सूत्रांचा तक्ता. इष्टिकाचितीचं घनफळ लांबी × रुंदी × उंची. घनाचं, बाजूचा घन. वृत्तचितीचं, पाय × त्रिज्येचा वर्ग × उंची. तीन आकार, तीन सूत्रं, आणि पेपर संपल्यावर तिन्ही विसरली जातात. खरं तर सूत्र एकच आहे, आणि ते पाठ करायचीही गरज नाही. ते या आकारांच्या नावातच सांगून ठेवलं आहे.

नावातलं गणित

'चिती' हा शब्द 'चि' या संस्कृत धातूवरून आला. त्याचा अर्थ रचणं, एकावर एक ठेवत जाणं. इष्टिका म्हणजे वीट. इष्टिकाचिती म्हणजे विटेसारख्या आकाराची रास, आणि वृत्तचिती म्हणजे वर्तुळांची रास. घरात याला आपण वेगळा शब्द वापरतो: चवड. भाकरीची चवड, ताटांची चवड, धुऊन घडी घातलेल्या कपड्यांची चवड. सारख्या आकाराच्या चपट्या वस्तू एकावर एक नीट ठेवल्या की जे तयार होतं, ते गणिताच्या भाषेत चिती.

चवडीत किती माल आहे हे शोधायला दोन प्रश्न पुरतात. एका थरात किती? आणि थर किती? एका थराचं माप म्हणजे तळाचं क्षेत्रफळ. थरांची संख्या म्हणजे उंची. दोन्हींचा गुणाकार म्हणजे घनफळ. तळ आयत असेल तर त्याचं क्षेत्रफळ लांबी × रुंदी, म्हणून इष्टिकाचितीचं सूत्र तसं. तळ वर्तुळ असेल तर पाय × त्रिज्येचा वर्ग, म्हणून वृत्तचितीचं तसं. तळ चौरस आणि उंचीही त्याच्या बाजूइतकीच असेल तर एकच संख्या तीनदा गुणायची, तो घन.

तळ कोणताही चालतो, ही गोष्ट या देशातल्या विटा रचणाऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होती. वैदिक यज्ञातल्या श्येनचितीचा तळ पंख पसरलेल्या पक्ष्याचा असे. वेदींच्या बांधणीचे नियम देणाऱ्या शुल्बसूत्रांत तिचं माप दिलं आहे: क्षेत्रफळ साडेसात वर्ग पुरुष, विटांचे पाच थर, प्रत्येक थरात दोनशे, म्हणजे एकूण हजार विटा. 'पुरुष' हे माप म्हणजे हात वर करून उभा राहिलेला माणूस, १२० अंगुळं. आपल्याकडे खेड्यात विहिरीची खोली 'परसा'त सांगतात, तोही माणसाच्या उंचीवरूनच आलेला शब्द. पाच थरांमध्ये विटांची मांडणी आलटूनपालटून बदलायची, म्हणजे वरच्या थराची सांध खालच्या सांधेवर येत नाही. आजचा गवंडीही हेच पाळतो. मांडणी बदलली, विटांचे आकार बदलले, तरी प्रत्येक थराचं क्षेत्रफळ तेवढंच. पक्षी केवढाही वेडावाकडा असो, साडेसात वर्ग पुरुषांना उंचीने गुणलं की चितीचं घनफळ हातात.

आडवी चिती, कललेली चिती

मुलं जिथे हमखास अडखळतात ती जागा म्हणजे आडवी पडलेली चिती. कौलारू घराचा माळा घ्या. समोरून पाहिलं तर त्रिकोण: पाया २० फूट, भिंतीच्या वरून आढ्यापर्यंत ८ फूट. हा त्रिकोण घराच्या मागच्या भिंतीपर्यंत ३० फूट तसाच गेलेला आहे. माळ्यात जागा किती? त्रिकोणाचं क्षेत्रफळ ८० चौरस फूट. आता चितीची 'उंची' कोणती? बरीच मुलं पुन्हा ८ घेतात, कारण ती डोळ्यांना उंच दिसते. पण त्रिकोण हा इथे तळ आहे आणि चवड आडवी झोपली आहे. तिची उंची म्हणजे दोन सारख्या टोकांमधलं अंतर, ३० फूट. म्हणून ८० × ३०, म्हणजे २,४०० घनफूट. संशय आला तर एकच करावं: चिती मनातल्या मनात उचलून टोकावर उभी करावी.

गंमत अशी की हीच त्रिकोणी चिती काचेची करून विज्ञानाच्या तासाला आणली की तिला 'लोलक' म्हणतात आणि तिच्यातून सात रंग पडतात. एकाच वस्तूची दोन विषयांत दोन नावं असल्याने वर्गातल्या निम्म्या मुलांना दोन्ही एकच आहेत हे कळतच नाही.

दुसरी अडचण कललेल्या चितीची. रुपयाच्या नाण्यांची चवड टेबलावर रचा आणि पट्टीने हळूच एका बाजूला ढकला. चवड तिरकी झाली. घनफळ बदललं का? नाणी तेवढीच आहेत, एकही आत-बाहेर झालेलं नाही. घनफळ तेच. बाजू तिरकी होऊन लांबली, पण टेबलापासून वरच्या नाण्यापर्यंतचं सरळ अंतर तेवढंच राहिलं. म्हणून घनफळात नेहमी लंब उंची धरायची, तिरकी कड नाही. इटलीत बोलोन्या इथे शिकवणाऱ्या काव्हालिएरीने १६३५च्या ग्रंथात ही कल्पना पद्धतशीर मांडली: दोन वस्तूंचे थर प्रत्येक उंचीवर सारख्या क्षेत्रफळाचे असतील, तर दोघींचं घनफळ सारखं. त्याच्या सुमारे अकराशे वर्षं आधी चीनमध्ये झू गंगने गोलाचं घनफळ काढताना हाच विचार वापरला होता.

त्रिज्या दोनदा बोलते

वृत्तचितीचं एक फार जुनं लिहिलेलं उदाहरण इजिप्तमधलं आहे. आज ऱ्हाइंड पपायरस म्हणून ओळखली जाणारी गुंडाळी आहमोस नावाच्या लेखनिकाने इ. स. पू. १५५०च्या सुमारास एका आणखी जुन्या प्रतीवरून उतरवून काढली. तिच्यातलं एक्केचाळिसावं गणित धान्याच्या गोल कोठाराचं आहे: व्यास ९ हात, उंची १० हात. आहमोसची रीत अशी: व्यासातून त्याचा नववा भाग वजा करा, ९ उणे १ म्हणजे ८. त्याचा वर्ग ६४. उंचीने गुणा, ६४०. आजच्या हिशोबाने उत्तर येतं सुमारे ६३६ घनहात. हजाराला सहाची चूक, तीही पाय ही संख्या ठाऊक नसताना. आहमोसनेही आधी थर काढला, मग थर मोजले.

वृत्तचितीत एक गोष्ट मनात पक्की बसायला हवी: उंची एकदाच गुणली जाते, त्रिज्या दोनदा. घरी करून पाहा. ए-४ कागद दोन घ्या. एक उभा गुंडाळा, म्हणजे उंच, अरुंद नळी होईल. दुसरा आडवा, म्हणजे बुटकी, रुंद नळी. दोन्ही परातीत उभ्या करून तांदळाने भरा. कागद सारखेच, म्हणून बाजूचं पृष्ठफळ सारखं. पण उंच नळीत सुमारे १,०४२ घनसेंमी तांदूळ मावेल आणि बुटक्या नळीत १,४७४. तब्बल ४१ टक्के जास्त. फेरीवाल्याकडचा उंच, निमुळता पेला भरपूर रस देतो असं वाटतं, त्यात आपल्या डोळ्यांचा दोष आहे. डोळे उंची आधी पाहतात.

विहीर खोदणाऱ्यालाही हे उपयोगी पडतं. २० फूट व्यासाच्या विहिरीत दर फूट खोलीला ३१४ घनफूट, म्हणजे सुमारे ८,९०० लिटर पाणी. पाणी दुप्पट हवं तर व्यास दुप्पट करायची गरज नाही. २८ फूट केला तरी जवळपास काम होतं. इथेच व्यास आणि त्रिज्या यांची गल्लत महागात पडते. त्रिज्येच्या जागी व्यास घातला तर उत्तर चौपट येतं, आणि कागदावर विहिरीत नसलेलं पाणी दिसू लागतं.

चिपट्याहून अधोली केवढी?

घनाची जादू कळायला जुनी धान्याची मापं आठवावीत. दोन चिपट्यांचं एक मापटं, दोन मापट्यांचा एक शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. प्रत्येक पायरीला दुप्पट. चिपट्यापासून अधोलीपर्यंत तीन पायऱ्या, म्हणजे अधोलीत आठ चिपटी. आता आकार तसाच ठेवून चिपट्याची अधोली करायची, तर तिचं तोंड आणि उंची केवढी करावी? आठपट नव्हे, फक्त दुप्पट. लांबी दोन, रुंदी दोन, उंची दोन. २ × २ × २ झाले ८. ज्याला हे समजलं त्याला घनाचं सूत्र कायमचं समजलं.

परीक्षेत गुण खाणारी एक नेहमीची चूक इथेच होते, फक्त एककांच्या वेशात. एका मीटरमध्ये १०० सेंटिमीटर, म्हणून एका घनमीटरमध्ये १०० घनसेंटिमीटर, असं लिहून मुलं मोकळी होतात. पण घनमीटरच्या तळाच्या एका थरात १०० × १००, म्हणजे १०,००० छोटे घन बसतात आणि असे थर १००. एकूण दहा लाख. एक हजार घनसेंमीचा एक लिटर, म्हणून घनमीटरला हजार लिटर. छतावरच्या हजार लिटरच्या टाकीतलं पाणी म्हणजे नेमका एक घनमीटर.

वर्तमानपत्रात पावसाळ्यात येणारा 'टीएमसी' हाही घनच. एक टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट: हजार फूट लांब, हजार फूट रुंद, हजार फूट उंच असा पाण्याचा एक ठोकळा. कोयना धरणाची क्षमता सुमारे १०५ टीएमसी. हे सगळं पाणी एकाच घनात उभं केलं तर त्याची बाजू किती भरेल? १०५ हजार फूट नाही. साधारण ४,७२० फूट, मैलापेक्षाही कमी. घनफळ शंभरपटीने वाढतं तेव्हा बाजू पाचपटही होत नाही.

पाऊसही चितीच आहे, आणि तिचा तळ आपण निवडायचा. पाऊस मिलिमीटरमध्ये सांगतात म्हणजे फक्त उंची सांगतात. चौरस मीटरवर एक मिलिमीटर पडला की एक लिटर पाणी, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. २६ जुलै २००५ला सुरू झालेल्या पावसात मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला. आकडा ऐकताना कमरेएवढा वाटतो. आता त्याला तळ द्या. ५०० चौरस फुटांच्या एका गच्चीवर जवळपास ४४,००० लिटर. एका चौरस किलोमीटरवर ९४ कोटी लिटर. शहराचा तळ केवढा मोठा असतो ते त्या दिवशी मुंबईने पाहिलं.

भास्कराचार्यांचं शेततळं

आतापर्यंत सगळे थर सारखे होते. पण मुकादमाच्या हौदातली वाळू सारखी नव्हती, आणि शेततळ्याच्या कडाही सरळ नसतात. माती ढासळू नये म्हणून त्या उताराच्या करतात. समजा तळं वर ३० × ३० मीटर आहे, ३ मीटर खोल आहे, आणि दर मीटर खोलीला प्रत्येक बाजू दीड मीटर आत येते. मग तळाशी उरतात २१ × २१. तीस गुणिले तीस गुणिले तीन करून २७ लाख लिटर पाण्याची स्वप्नं पाहणाऱ्या शेतकऱ्याला खरं पाणी किती मिळेल?

उत्तर लीलावतीत आहे. भास्कराचार्यांनी ११५०मध्ये लिहिलेल्या या ग्रंथात खड्ड्यांच्या गणितासाठी 'खातव्यवहार' असं वेगळं प्रकरणच आहे. क्षेत्रफळाला वेधाने, म्हणजे खोलीने, गुणावं, हा तिथला मूळ नियम. लांबी, रुंदी वा खोली जागोजागी वेगळी असेल तर बऱ्याच ठिकाणी मोजून सरासरी घ्यावी, हेही तिथेच सांगितलं आहे. मुकादमाची सळई अशी नऊशे वर्षं जुनी आहे. आणि तोंड मोठं, तळ लहान असेल तर? तोंडाचं क्षेत्रफळ घ्या, तळाचं घ्या, आणि दोन्हींच्या बाजूंची बेरीज करून येणाऱ्या आयताचं क्षेत्रफळ घ्या. तिन्हींची बेरीज करा, सहाने भागा. हे झालं 'सम' क्षेत्रफळ. त्याला खोलीने गुणा.

आपल्या तळ्याला लावून पाहू. तोंड ९००. तळ ४४१. बाजूंची बेरीज ३० + २१, म्हणजे ५१, तिचा वर्ग २,६०१. एकूण ३,९४२. सहाने भागले, ६५७. खोली ३ मीटर, म्हणून १,९७१ घनमीटर: १९ लाख ७१ हजार लिटर. स्वप्नातले सव्वासात लाख लिटर उताराच्या मातीत गेले.

सहा कुठून आला? ५१ × ५१ हा आयत खरं तर अर्ध्या खोलीवरच्या, साडेपंचवीस मीटरच्या थराच्या चौपट आहे. म्हणजे नियम असा वाचता येतो: वरचा थर एकदा, खालचा एकदा, मधला चारदा, आणि सहाने सरासरी. मधल्या थराला जास्त मान, कारण तो तळ्याच्या सरासरीच्या सर्वांत जवळ असतो. मातीकाम मोजताना स्थापत्य अभियंते आजही हेच सूत्र वापरतात. भास्कराचार्यांनी 'सम' हा शब्द वापरला त्यात सगळी युक्ती आली: असमान खड्ड्याच्या जागी तेवढंच पाणी मावेल अशी सरळ कडांची एक चिती शोधायची, मग तिला नेहमीचा नियम लावायचा. आणि खड्डा खाली टोकदार होत गेला, म्हणजे 'सूचीखात' असलं, तर सरळ खड्ड्याच्या एक तृतीयांश. पाठ्यपुस्तकांतला 'सूची' हा शब्द तोच.

भास्कराचार्यांच्या ग्रंथांचा अभ्यास व्हावा म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापला. चाळीसगावजवळच्या पाटण इथल्या १२०७च्या शिलालेखात त्याची नोंद आहे. त्याच परिसरात आज उतारांची शेततळी दिसतात.

खातव्यवहारानंतर लीलावतीत येतो 'चितिव्यवहार', विटांच्या राशीचं गणित. त्यातलं उदाहरण असं: वीट १८ अंगुळं लांब, १२ रुंद, ३ जाड. रास ८ हात लांब, ५ हात रुंद, ३ हात उंच. हाताची अंगुळं २४. विटा किती आणि थर किती? राशीचं घनफळ १२० घनहात, विटेचं ३ भागिले ६४. उत्तर: २,५६० विटा, २४ थर.

आता आपला पहिला प्रश्न विचारा: एका थरात किती? २,५६० भागिले २४. येतात १०६ आणि वर दोन तृतीयांश. वीट पसरट ठेवून कशीही फिरवा, पूर्ण विटांचा थर बसतच नाही. घनफळाला त्याची फिकीर नाही, ते फक्त किती माल मावतो एवढंच सांगतं. तो कसा मावतो हे सांगत नाही. तो भाग गवंड्याचा. थर संपत आला की तो थापीने वीट तोडतो, अद्धा लावतो, उरलेला रोडा दुसऱ्या टोकाला वापरतो. आणि मध्ये मसाला भरतो, ज्याचा हिशोब शाळेच्या गणितात कुणी विचारत नाही. १९ × ९ × ९ सेंटिमीटरच्या नुसत्या विटा घनमीटरमध्ये ६५० बसायला हव्यात. सेंटिमीटरभर मसाला धरला की प्रत्येक वीट २० × १० × १० ची होते आणि लागतात ५००. म्हणून अनुभवी गवंडी विटांची ऑर्डर देताना विटेचं माप घेत नाही. मसाल्यासकट तिची जागा मोजतो, आणि वर तुटफुटीच्या थोड्या जास्त सांगतो.